कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये? घाबरू नका, आधी हे वाचा!



घरातून व्यवसाय करणाऱ्याचं ऑफिस म्हणजे काय? एक टेबल, एक खुर्ची आणि एक कॉम्प्युटर. बिलं त्यावर, टॅली त्यावर, ग्राहकांची यादी त्यावर, कोटेशनचे नमुने त्यावर. आणि एखाद्या दिवशी, बहुतेक वेळा नेमकी जीएसटी रिटर्नची तारीख असते तेव्हाच, बटण दाबलं तरी तो सुरू होत नाही.

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक, पुन्हा पुन्हा बटण दाबत बसतात. दोन, डबा उचलून जवळच्या दुकानात नेतात आणि सांगतात, "काहीही करा, पण संध्याकाळपर्यंत चालू करून द्या." आता या वाक्यातला 'काहीही करा' हा भाग फार महाग पडू शकतो. कारण दुकानदारासाठी सगळ्यात झटपट उपाय असतो फॉरमॅट मारणं. मशीन चालू होतं, पण तुमची तीन वर्षांची बिलं जातात.

म्हणून आजच्या लेखातली एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मशीन वेगळं आणि डेटा वेगळा. मशीन बंद पडलं म्हणजे डेटा गेला, असं नसतं. बहुतेक वेळा बिघाड वीज, वायर, रॅम किंवा विंडोजमध्ये असतो आणि तुमच्या फाइल्स हार्ड डिस्कवर आहेत तशाच असतात. त्या घालवतो तो घाईत केलेला उपाय.

एक मोठं उदाहरण बघा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट जगभर गेलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून अडकले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. आणि उपाय काय निघाला? सेफ मोडमध्ये जायचं आणि एक फाइल काढून टाकायची. डेटा जागेवरच होता. त्या दिवशी कुणी घाबरून सगळं फॉरमॅट केलं असतं तर खरं नुकसान झालं असतं.

## आधी ठरवा, तुमच्या एका तासाची किंमत किती?

दुरुस्ती सुरू करण्याआधी हा हिशोब करा. समजा महिन्याला सगळा खर्च वजा जाता तुमच्या हातात ४०,००० रुपये राहतात. महिन्यात २५ दिवस, रोज ८ तास काम, म्हणजे २०० तास. तुमचा एक तास २०० रुपयांचा झाला.

आता तुम्ही सहा तास स्क्रू काढत आणि लावत बसलात तर १,२०० रुपये गेले, शिवाय त्या दिवसाच्या ऑर्डर राहिल्या त्या वेगळ्याच. म्हणून माझा सल्ला असा की स्वतःला ४५ मिनिटं द्या. मोबाईलवर टायमर लावा. तेवढ्या वेळात खालच्या पायऱ्या आरामात होतात. त्यात जमलं तर उत्तम, नाही जमलं तर जाणकार माणसाकडे द्या. पण कसं द्यायचं, तेही पुढे सांगतो.

आणि त्या दिवशीची तारीख महत्त्वाची असेल तर आधी ते काम दुसरीकडून उरका. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची तारीख ११ आणि जीएसटीआर-३बी ची २० असते. जीएसटी पोर्टल कुठल्याही कॉम्प्युटरवरून उघडतं. प्रोप्रायटर असाल तर मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीनेही रिटर्न भरता येतं. उशीर झाला तर ३बी ला दिवसाला ५० रुपये लेट फी, रिटर्न निल असेल तर २० रुपये, आणि कर बाकी असेल तर त्यावर वार्षिक १८ टक्के व्याज वेगळं. तेव्हा शेजाऱ्याचा लॅपटॉप घ्या, भावाचा घ्या, नाहीतर तुमच्या सीएच्या ऑफिसात जाऊन बसा. आधी रिटर्न, मग रिपेअर!

## पायरी १ : वीज पोचतेय का?

हसू नका, पण सुरुवात इथूनच करायची. कॉम्प्युटरवर एकही लाईट लागत नाही, पंख्याचा आवाज नाही, म्हणजे वीजच पोचत नाहीये.

- भिंतीवरच्या स्वीचला मोबाईलचा चार्जर लावून बघा. चार्ज होतोय? मग बोर्ड ठीक आहे.
- एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस दोन्ही बाजूला ठेवा. कॉम्प्युटरची वायर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. सुरू झाला तर दोष मधल्या वस्तूत आहे. घरगुती यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. नुसती बॅटरी बदलूनही काम होतं.
- ज्या डब्याला आपण सगळे 'सीपीयू' म्हणतो, त्याच्या मागे वायर लागते तिथे बऱ्याच मशीनला एक छोटा काळा स्वीच असतो. दिवाळीच्या साफसफाईत तो हमखास बंद होतो. तो चालू आहे का बघा.
- पॉवरची वायर बदलून बघा. मॉनिटरची आणि डब्याची वायर बहुतेक वेळा सारखीच असते, त्यामुळे अदलाबदल करून दोन मिनिटांत खात्री होते.

लॅपटॉप असेल तर चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. मग फक्त चार्जर लावून सुरू करा. आत साठलेला चार्ज निघून गेला की बरेच लॅपटॉप जागे होतात.

एवढं करूनही डबा मेल्यासारखाच असेल, तर संशय एसएमपीएसवर. आपल्या घरातली २३० व्होल्टची वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून आतल्या भागांना देणारा हा लोखंडी डबा. पावसाळ्यात लाईट ये-जा करते, व्होल्टेज वरखाली होतं, त्याचा पहिला मार यालाच बसतो. एसएमपीएस स्वतः कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्याच्या आत धोकादायक विद्युतभार साठलेला असतो. तो बदलायचा भाग आहे, उघडायचा नाही.

आणि जळका वास आला, धूर दिसला किंवा डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर प्रयोग बंद. मेन स्वीच बंद करून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. झिणझिण्या येणं म्हणजे अर्थिंग नीट नसल्याची खूण असते. हा कॉम्प्युटरचा नाही, तुमच्या जिवाचा विषय आहे.

## पायरी २ : पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळी?

आता वीज पोचतेय, लाईट लागतोय, पण समोर काहीच दिसत नाही. इथे लोक कॉम्प्युटरला दोष देतात, पण पुष्कळदा तो बिचारा सुरू झालेला असतो. गोंधळ मॉनिटरचा असतो.

मॉनिटरचा स्वतःचा लाईट लागलाय का? केबल दोन्ही टोकांना घट्ट बसलीय का? मॉनिटरच्या मेनूमध्ये योग्य इनपुट निवडलाय का? डब्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डाच्या पोर्टला लावायची, वरच्या मदरबोर्डच्या पोर्टला नाही. साफसफाईनंतर ही अदलाबदल फार होते.

एक सोपी युक्ती सांगतो. घरातला टीव्ही! एचडीएमआय केबलने कॉम्प्युटर टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं, तर मशीन उत्तम आहे आणि बिघाड मॉनिटरमध्ये आहे. नवीन मॉनिटर येईपर्यंत टीव्हीवर कामही करता येतं. लॅपटॉपची स्क्रीन काळी असेल तर तिच्यावर मोबाईलची टॉर्च तिरकी मारून बघा. अंधुक चित्र दिसलं तर फक्त मागचा उजेड गेलाय. टीव्ही जोडा आणि काम चालू ठेवा.

## पायरी ३ : बीप वाजतोय? मग रॅम तपासा

बटण दाबल्यावर कॉम्प्युटर आधी स्वतःची तपासणी करतो. रॅम आहे का, डिस्प्ले आहे का, कीबोर्ड आहे का. काही कमी सापडलं तर बीप वाजवून सांगतो. प्रत्येक कंपनीच्या बीपचा अर्थ वेगळा असतो, पण पुन्हा पुन्हा वाजणारा लांब बीप असेल तर पहिला संशय रॅमवर घ्यायचा.

मशीन वॉरंटीत असेल तर इथेच थांबा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा. वॉरंटी संपली असेल आणि डेस्कटॉप असेल, तर हे करा :

१. वायर भिंतीतून काढा. पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा.
२. हात कोरडे करा आणि डब्याच्या लोखंडी भागाला एकदा स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते.
३. बाजूचं झाकण काढा. रॅमच्या दोन्ही टोकांच्या क्लिप उघडा आणि पट्टी सरळ वर काढा.
४. तिच्या सोनेरी दातांवर साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा. कोरड्या ब्रशने किंवा कापडाने कण झटका. पाणी, सॅनिटायझर काहीही लावू नका.
५. खाच जुळवून पट्टी परत बसवा. क्लिप 'टक' आवाज करून बंद झाली पाहिजे.
६. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून सुरू करा. कुठली पट्टी खराब आहे ते लगेच कळतं.

आपल्या दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, या सोनेरी दातांवर पातळ थर चढतो. त्यामुळे खोडरबरचा हा उपाय जुना असला तरी आजही कामाला येतो. झाकण उघडलंच आहे तर धूळही बघा. मुंग्या, झुरळं, पालीची अंडी, उंदराने कुरतडलेली वायर, काहीही सापडू शकतं! मशीन सुरू होऊन पाच मिनिटांत आपोआप बंद पडत असेल, तर प्रोसेसरवरचा पंखा धुळीने अडकलाय का, ते आधी बघा.

## पायरी ४ : तारीखच चुकीची दाखवतोय?

मदरबोर्डवर बटणासारखा एक गोल सेल असतो. त्याचं नाव सीआर २०३२, ३ व्होल्टचा. मशीन बंद असतानाही तारीख, वेळ आणि काही सेटिंग तो जपून ठेवतो. काही वर्षांनी तो संपतो. मग सुरू करताना मशीन अडखळतं, एफ १ दाबायला सांगतं आणि तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षाची दाखवतं.

याचा व्यवसायाशी काय संबंध? तारीख चुकीची असेल तर बँकेची आणि जीएसटीची साईट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाही. बिलावर चुकीची तारीख पडते ती वेगळीच. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो आणि खिशाला जड नसतो. बदला, तारीख लावा, झालं.

## पायरी ५ : 'बूट डिव्हाइस नॉट फाउंड' म्हणतोय?

म्हणजे कॉम्प्युटर जागा झाला, पण विंडोज कुठे आहे ते त्याला सापडत नाहीये. पहिलं काम म्हणजे लावलेले सगळे पेन ड्राइव्ह काढा. कधीकधी तो पेन ड्राइव्हमध्येच विंडोज शोधत बसतो. मग बंद करून हार्ड डिस्कच्या दोन्ही केबल घट्ट बसवा. त्यानंतर सुरू करताना एफ २ किंवा डिलीट दाबून (मशीनप्रमाणे बटण बदलतं) बायोसमध्ये जा. तिथे तुमच्या डिस्कचं नाव दिसतंय का बघा. दिसत असेल तर आशा भरपूर आहे. दिसत नसेल तर डिस्क किंवा तिच्या जोडणीतच बिघाड आहे.

इथे एक धोक्याची खूण. हार्ड डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. प्रत्येक वेळी आतल्या चकतीवर ओरखडे पडण्याचा धोका असतो. अशी डिस्क फक्त डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच द्यायची.

## पायरी ६ : विंडोजचा लोगो येतो आणि तिथेच अडकतो?

ही त्यातल्या त्यात बरी परिस्थिती. मशीन ठीक आहे, सॉफ्टवेअर अडलंय. लोगो दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज १० किंवा ११ स्वतःच दुरुस्तीचा निळा मेनू दाखवतं. तिथे ट्रबलशूट आणि मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा. या क्रमाने करून बघा : आधी स्टार्टअप रिपेअर, मग शेवटचं अपडेट काढणं, मग सिस्टिम रिस्टोअर.

त्याच मेनूमध्ये 'रिसेट धिस पीसी' दिसेल. त्याला आत्ता हात लावू नका. 'कीप माय फाइल्स' निवडलं तरी तुम्ही टाकलेले सगळे प्रोग्रॅम उडतात. डेटाची कॉपी हातात आल्याशिवाय हे बटण दाबायचं नाही.

मध्येच ४८ अंकी बिटलॉकर की मागितली तर गोंधळू नका. नव्या लॅपटॉपची डिस्क बऱ्याचदा कुलूपबंद असते आणि तिची किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह झालेली असते. मोबाईलवरून लॉगिन करून ती बघता येते. आज मशीन नीट चालू असतानाच ती कागदावर लिहून कपाटात ठेवा.

## डेटा बाहेर कसा काढायचा?

मशीन सुरू होत नाहीये, पण डिस्क ठणठणीत आहे, तर दोन मार्ग आहेत.

पहिला, डिस्क काढा आणि हार्ड डिस्क केसिंगमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला यूएसबीने पेन ड्राइव्हसारखी लावा. दुसरा, मित्राच्या कॉम्प्युटरवर ८ जीबी किंवा मोठ्या पेन ड्राइव्हमध्ये उबुंटू तयार करा. हे फुकट मिळतं. त्यावरून तुमचं मशीन सुरू करा. 'ट्राय उबुंटू' निवडा, 'इन्स्टॉल' नाही. फाइल्स दिसल्या की दुसऱ्या पेन ड्राइव्हवर कॉपी करा.

काय काय घ्यायचं? टॅलीचा डेटा फोल्डर, बिलं, डेस्कटॉप, डाउनलोड, डॉक्युमेंट्स, फोटो. लोक डेस्कटॉप विसरतात आणि अर्धा धंदा तिथेच पडलेला असतो!

## दुकानात देताना हे बोला

४५ मिनिटं संपली? आता जाणकाराकडे द्या. पण ग्राहक म्हणून स्पष्ट बोला :

- "दादा, मला न विचारता फॉरमॅट करायचं नाही. आधी डेटा काढायचा." हे पावतीवर लिहून घ्या.
- मशीनचा आणि हार्ड डिस्कचा सीरियल नंबर पावतीवर लिहून घ्या.
- आधी तपासणी, मग खर्चाचा आकडा, मग होकार. बदललेला जुना भाग परत मागा.
- डिजिटल सहीचं टोकन काढून घरी ठेवा. बँकेचे पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह असतील तर मोबाईलवरून बदला.
- तुम्ही काय काय तपासलं ते सांगा. "टीव्हीला लावून बघितलं, रॅम बदलून बघितली" असं म्हणालात की त्याचा वेळ वाचतो आणि नको ते भाग बदलण्याचा प्रश्नच येत नाही.

## पुढच्या वेळी घाम फुटू नये म्हणून

३-२-१ चा नियम पाळा. डेटाच्या ३ प्रती, २ वेगळ्या साधनांवर, त्यातली १ घराबाहेर. म्हणजे एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी. दर शनिवारी दुकान आवरताना गल्ला मोजता ना? तसाच बॅकअप घ्यायचा. आणि महिन्यातून एकदा त्यातली एक फाइल उघडून बघायची. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वटलेला चेक.

आणखी एक. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. जुनं मशीन असेल तर पुढच्या खर्चाची तरतूद आत्तापासून दरमहा थोडी थोडी बाजूला टाका. कॉम्प्युटर हे तुमच्या धंद्याचं यंत्र आहे. शिलाई मशीनला तेल घालतो, गिरणीचा पट्टा बदलतो, तसाच याचाही खर्च धरायचा.

आजचं काम एवढंच. हा लेख संपला की मोबाईल खाली ठेवा आणि टॅलीचा बॅकअप एका पेन ड्राइव्हवर घ्या. दहा मिनिटं लागतील. घेतला की व्हिडिओखाली 'झाला' एवढंच लिहा, मला आनंद होईल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.